पिवळीतली दुसरी सीट

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बस चालवली. मागे पन्नास माणसं, त्यातली दहा उभी, दोन भांडणारी आणि एक हमखास चुकीच्या बसमध्ये चढलेलं. रिटायर झाले त्या दिवशी घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "अगं, आता मी अशी गाडी घेणार की तिच्यात फक्त दोघंच मावतील. एक मी."

"आणि दुसरं?" मी विचारलं. मुद्दामच.

"दुसरं कोण असणार? तूच की. जन्मभर सगळी माणसं पाठीमागे बसली. शेजारी कुणी बसलंच नाही."

हे ऐकून कुठल्याही बाईचं पाणी पाणी होईल. मी तोंडाने म्हणाले, "काय मेलं, वयाला शोभतं का काही!" आणि स्वयंपाकघरात जाऊन आनंदाच्या भरात दोन भांडी फोडली. सून म्हणते एकच फुटलं. तिला मोजायची वाईट खोड आहे.

गाडी आली. दोन मालक करून झालेली, पण स्पोर्ट्स कार. पिवळी धमक, उंचीला माझ्या कमरेइतकी, आणि दारं एवढी लांब की उघडली तर शेजारच्यांच्या कुंपणात घुसतात. ह्यांनी तिचं नाव ठेवलं पिवळी. सकाळी उठल्यावर आधी खिडकीतून पिवळीकडे बघायचं, मग माझ्याकडे. मी म्हटलं असू दे, सवत आहे पण निदान बोलत नाही.

पहिल्या दिवशी हे एकटेच तिला फिरवून आणायला गेले. परत आले ते थरथरत. गाडी ऐंशीच्या वर गेली की असे हादरे बसायचे की विचारू नका. हातात दुधाचा कप दिला तर त्यात लोणी आलं. खोटं वाटतंय? मी स्वतः ते पावाला लावून खाल्लं. समोरच्या दवाखान्यातला डॉक्टर तर म्हणाला, कवळी खिशात ठेवून चालवत जा.

"चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय," हे म्हणाले. "हादरा गेल्याशिवाय तुला बसवणार नाही. आपली पहिली फेरी लोण्यासारखी मऊ झाली पाहिजे."

लोणी तर मी खाऊन बसले होते. मला ते बॅलन्सिंग कळायला वेळ लागला नाही, चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. मशीनच्या चाकाला एका बाजूला जरा जड झालं की टाके नाचायला लागतात. तसंच हे. जिथे हलकं असेल तिथे चिमूटभर वजन लावायचं, की चाक शांत.

पण लावणारा मिळायला हवा ना.

पहिला होता कोपऱ्यावरचा टायरवाला. त्याच्याकडे एक हातोडी आणि भरपूर आत्मविश्वास. "स्पोर्ट्स कार असो नाहीतर हातगाडी," तो म्हणाला, "चाक म्हणजे चाक." ठोकठोक केलं आणि आधी ऐंशीला हादरायची ती पिवळी पन्नासलाच हादरायला लागली.

दुसऱ्याचं दुकान काचेचं. तो टाय लावून. आम्हाला सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली, आणि रंगीत कागद छापून दिला. त्यावर चारही चाकांपुढे शून्य. म्हणजे फरक काही उरलाच नाही. बाहेर रस्त्यावर पिवळी पहिल्यासारखीच थडथडतेय. हे परत आत गेले तर टायवाला म्हणतो, "साहेब, कागदावर तर शून्य आहे."

"मग कागद चालवत घरी जाऊ का?" हे म्हणाले.

तिसरा पत्ता डेपोतल्या जुन्या मित्राने दिला. शर्यतीच्या गाड्यावाले सगळे तिकडेच जातात म्हणाला. धान्याच्या गोदामामागे पत्र्याची शेड, बाहेर पाटी नाही, ग्रॅमबाई कुठे म्हणून विचारायचं. एका ग्रॅमचा फरक तिला बोटाला कळतो म्हणून ग्रॅमबाई.

"बाई?" मी म्हटलं.

"बाई," हे म्हणाले आणि गेले. चार तासांनी आले ते शिट्टी वाजवत.

आता तुम्हाला त्यातलं गांभीर्य कळणार नाही. चौतीस वर्षांत हा माणूस शिट्टी वाजवत घरात शिरला नव्हता. शिट्टी वाजवणं कंडक्टरचं काम, असं त्यांचं मत.

"काय बाई आहे!" बसल्या बसल्या सुरू. "मशीनला हात लावायच्या आधी म्हणाली, एक चक्कर मारून येऊ. बूट काढले, मोजे काढले, अनवाणी तळवे खाली टेकवले आणि डोळे मिटून घेतले. दोन मैलांत सांगितलं, पुढचं डावं आणि मागचं उजवं. चाकं उतरवून मशीनवर चढवली तर अगदी तस्सं! आणि चढवताना बघायचीस तू. बाकीचे कसंही अडकवतात, मग वाकड्या बसलेल्या चाकाचं माप घेतात. हिने आधी पुसलं, मग केसाएवढा फरक न ठेवता मधोमध बसवलं..."

"ती कुठे बसली होती?"

"कधी?"

"तळवे टेकवले तेव्हा."

"कुठे म्हणजे? शेजारच्या सीटवर."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्या आचेवर सून चपलाही वाळवू शकली असती. दोन सीटांची गाडी. एक ह्यांची, एक माझी. मी अजून दाराला हात लावला नव्हता आणि ही बया अनवाणी बसून आली!

"उद्या सकाळी आपण दोघं," हे म्हणाले. "आता पिवळी पाण्यासारखी चालते."

संध्याकाळी हे अंघोळीला गेल्यावर मी हळूच गाडीचं दार उघडलं. माझी सीट चार खाचा मागे सरकवलेली. म्हणजे बाई उंच. मी बसले तर पाय लोंबकळले. सीट चार खाचा पुढे ओढली, पुसून काढली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून चाकं धुवायला घेतली. पहिल्या फेरीला पिवळीची चाकं अशी चमकली पाहिजेत की ह्यांना कळावं, सेवा आम्हालाही येते.

चाकाच्या आतल्या बाजूला राखाडी पट्ट्या चिकटलेल्या दिसल्या. मी म्हटलं, बघा, एवढी नावाजलेली बाई आणि कचरा तसाच ठेवून देते. चिकटलेलं काढायची माझी एक रीत आहे. शिवणाचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरायचा आणि खालून करवतीसारखा ओढायचा. डिंक अलगद कापला जातो. वर तेलाचा बोळा फिरवला की वस्तू जणू कधी चिकटलीच नव्हती. चारही चाकं लख्ख केली. पट्ट्या बटणांच्या डब्यात टाकल्या, कारण मी काही फेकत नाही.

सकाळी हे पेट्रोल भरून आणतो म्हणून एकटेच गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. फेरी रद्द. मी नवा स्वेटर घालून दारात उभी, आणि हे मला ओलांडून फोनकडे. "ग्रॅमबाई, मी येतोय."

संध्याकाळी कळलं. "वजनं पडली सगळी," हे म्हणाले. "शिशाच्या पट्ट्या असतात, आतून चिकटवतात. एकही राहिली नाही."

मी बटणांच्या डब्याकडे बघितलं. आता म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात हे म्हणाले, "तिला बिचारीला काय वाटलं असेल!" आणि मी तोंड मिटलं. तिला काय वाटलं! आणि दारात स्वेटर घालून उभी होती तिचं काय?

शिवाय, माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. पट्ट्या परत परत पडत राहिल्या तर बाई बिनकामाची ठरेल. मग हे दुसरा कुणी शोधतील. चांगला मिशावाला.

म्हणून पुढच्या खेपेला मी एकच पट्टी काढली. पुढच्या डाव्या चाकाची. अगदी हळुवार.

झालं काय? हे चिडतील असं मला वाटलं होतं. हे आले ते डोळ्यांत पाणी आणून. "इतकी ओशाळली गं ती! म्हणाली, माझं काम असं कधी सुटत नाही. आता रोज आणा, मी स्वतः बघते."

रोज! म्हणजे अधूनमधून जाणारा माणूस मी रोज तिच्याकडे पाठवायला लागले. रोज ती बसणार, रोज सीट चार खाचा मागे. रोज संध्याकाळी मी ती पुढे ओढायची, आणि गाडीशी आलेच आहे म्हणून एक पट्टीही काढायची. आठव्या दिवशी ती खाच एवढी गुळगुळीत झाली की सीट माझ्या नुसत्या खोकण्याने पुढे सरकायची.

एके दिवशी सून बटण शोधायला डबा उघडून बसली. "आई, या बटणांना भोकंच नाहीत. आणि वर पाच ग्रॅम असं लिहिलंय."

"नव्या पद्धतीची आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून पिवळीकडे. "आई, तुम्ही जळताय."

"मी? कुणावर?"

"ते तुम्हाला ठाऊक. पण बाबांना तिकडे पाठवतंय कोण, हे कळतंय ना? सांगून टाका की."

"जीव गेला तरी नाही," मी म्हटलं. "त्या बाईपुढे मी अडाणी ठरू?"

दुसऱ्याच दिवशी हे म्हणाले, "ग्रॅमबाईने तुला बोलावलंय."

"मला? मला का?"

"विचारत होती, घरात चाकं कोण धुतं. म्हटलं आमची ही. तर म्हणाली, इतकी स्वच्छ चाकं मी आजवर पाहिली नाहीत, त्यांना घेऊन या."

आता गंमत ऐका. पिवळी हादरत होती, आणि हादरा असेपर्यंत मला बसवणार नाही हा ह्यांचा शब्द. शब्दाला पक्के! म्हणून हे पिवळीतून पुढे आणि मी बसमधून मागे. पन्नास माणसांत उभी, एका दांड्याला लटकून, आणि पुढच्या काचेतून दिसतेय माझी रिकामी सीट, सिग्नलमागून सिग्नल. सीट बिचारी नुसती थडथडत होती.

शेडमध्ये रबराचा आणि तेलाचा वास. भिंतीवर नट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. माझ्या कात्र्या मी तशाच टांगते, तेही मला आवडलं नाही. आणि मधोमध ग्रॅमबाई. मी मनात चांगली तरणी, नाजूक, डोळ्यांत काजळ अशी रंगवली होती. ही निघाली माझ्याच वयाची. शिडीसारखी उंच, पांढरे केस कपडे वाळत घालायच्या चिमट्याने वर खोवलेले, हात कोपरापर्यंत काळे.

आणि मला जास्तच झोंबलं. तरुण असती तर हे नुसते बघत बसले असते. हिच्याशी ते बोलत बसत होते!

"साहेब, समोरून तीन चहा घेऊन येता?" ती ह्यांना म्हणाली. हे पळाले. घरी मी पाणी मागितलं तर ह्यांचे गुडघे दुखतात.

मग तिने एक चाक उचललं, माझ्यापुढे बाकावर ठेवलं, आणि बोट आत नेलं. "हे बघा. मी पट्टी लावली की दोन्ही टोकांना बारीक रेघ मारून ठेवते. या दोन रेघा. मधली पट्टी नाही."

"पडली असेल."

"पडली तर डिंक मागे राहतो. नखाने खरवडली तर ओरखडा राहतो. इथे दोन्ही नाही. हे कुणीतरी दोऱ्याने कापलंय. असा हात मी पहिल्यांदा बघतेय." वाकून तिने चाकावर फुंकर मारली. "शंभर नंबरी काम. दोरा कुठला असेल? साठ नंबरचा?"

"साठचा तुटतो," मी म्हटलं. "चाळीसचा घ्यावा लागतो. आणि आधी मेण लावायचं."

बोलून गेले. चाळीस वर्षांत कुणी माझ्या दोऱ्याबद्दल विचारलं नव्हतं हो!

ती हसली नाही. तिने चाक खाली ठेवलं, चिमटा काढून परत खोवला. "का?" एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं मी भांडेन. पुष्कळ वाक्यं पाठ करून आणली होती, बसमध्ये म्हणूनही बघितली होती. शेजारचा माणूस घाबरून दोन स्टॉप आधीच उतरला. पण ऐन वेळी एकच आठवलं.

"ती सीट माझी आहे."

तिने गाडीतल्या त्या सीटकडे बघितलं. "बाई," मग म्हणाली, "त्या सीटवर माझे गुडघे कानाला लागतात. आणि तुमचे हे गाडी चालवतात की बस? प्रत्येक स्टॉपवर वेग कमी करतात. माणसं उभी दिसली की डावीकडे घेतात. ऐंशीला न्यायचं तर मला ओरडावं लागतं. आणि तोंडात एकच, 'तिला अजून बसवलं नाही, आधी लोण्यासारखी होऊ दे.' इतक्या वेळा ऐकलंय की आता मला लोणी नको वाटतं."

मी जमिनीकडे बघत होते. जमीनही तिने स्वच्छ ठेवली होती.

"पट्ट्या आहेत का?" तिने विचारलं. मी पिशवीतून बटणांचा डबा काढला. तिने पाहिजे तेवढ्या उचलल्या, चाक मशीनवर मधोमध बसवलं, फिरवलं, पट्टी लावली, दोन रेघा मारल्या. गाडीला चढवताना एक नट आवळला की दुसरा समोरचा, मग परत अलीकडचा. मी गोल झालर लावताना टाचण्या अशाच टोचते, समोरासमोर, नाहीतर कापड एका बाजूला ओढलं जातं. तिला तसं सांगितलं. ती "हं" म्हणाली.

"चला," तिने चावी घेतली. "बसा. तपासायचंय. बूट-मोजे काढा."

"मी?"

"सीट तुमची आहे ना? मग तपासणार कोण?"

बसले. सीट पुढे ओढली. तिने पिवळी बाहेर काढली तेव्हा हे रस्ता ओलांडत होते, ट्रेमध्ये तीन चहा. त्यांनी आम्हाला बघितलं, तोंड उघडलं, पण काय म्हणाले ते अजून आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. आम्ही इतक्या वेगात होतो.

आता तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आमची सावली मागे राहिली. पुढच्या चौकात थांबलो तेव्हा धापा टाकत आली आणि गाडीखाली शिरली. काट्यावर एकशे चाळीस. आणि खाली माझे उघडे तळवे, आणि तळव्यांखाली रस्ता कसा, रेशमावर सुई चालावी तसा.

"काही लागतंय?" ग्रॅमबाईने विचारलं.

मी डोळे मिटले. "उजव्या टाचेखाली. बारीक. टाक्यात गाठ आली की लागते तेवढंच."

"मला नाही लागलं."

"तुम्ही आत्ता माझ्या सीटवर नाही."

तिने गाडी वळवली, आडव्या रस्त्याने शेडमागच्या दाराने आत घेतली आणि मागचं उजवं चाक उतरवलं. मशीनवर पाच ग्रॅम कमी निघाले. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत उभी राहिली, मग माझ्या टाचेकडे. असं माझ्याकडे कुणी बघितल्याला जमाना झाला होता. मी लगेच ओळखलं, या दुखण्याची मी जुनी रोगी. बाई जळत होती!

हे पुढच्या दारात उभे होते. दोन कप रिकामे, तिसरा अर्धा. रागाच्या भरात प्यायले होते.

"कुठे होता एवढा वेळ?"

"तपासायला."

"पण पहिली फेरी..." हे थांबले. त्यांचा चेहरा चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसासारखा झाला.

"डिंक खराब निघाला, साहेब," ग्रॅमबाई हात पुसत म्हणाली. "आता नाही सुटायच्या पट्ट्या." माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

मग ह्यांनी मला बसवलं. दार स्वतः उघडलं, स्वतः लावलं. मोठ्या रस्त्याला येऊन काटा ऐंशीवर नेला आणि अभिमानाने म्हणाले, "बघ! काही हलतंय?"

"काही नाही. लोणी."

हे खूश झाले. थोडं पुढे गेल्यावर समोर बघत, आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, "तिने किती पळवली?"

"फार नाही."

"म्हणजे किती?"

"एकशे चाळीस."

तेवढ्यात ह्यांना पुढचा बसस्टॉप दिसला. तिथे सवयीने वेग कमी केला, आणि स्वतःवरच चिडून परत वाढवला.

आता दर गुरुवारी मी ग्रॅमबाईकडे जाते. शर्यतीच्या गाड्या असतात, तिला माझी टाच लागते. हे विचारतात, "आज परत? एवढं काय बोलता दोघी?" मी म्हणते, "कामाचं." जाताना मीही शिट्टी वाजवते, थोडीशी.

परवा सकाळी चाकं धुताना बघितलं तर पुढच्या डाव्या चाकावर दोन रेघा आणि मधे पट्टी नाही. डिंक तसाच लोंबतोय, आणि धातूवर चांगला बोटभर ओरखडा. अगदी गावंढळ काम. मी घरात गेले. हे वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते.

"अहो, नख कशाने तुटलं?"

"डबा उघडताना," पेपरामागून आवाज आला.

 मी बटणांच्या डब्यातून एक पट्टी काढली, जुना डिंक पुसला, नवा लावला आणि दोन रेघांच्या बरोबर मधे ती दाबून बसवली. मग स्वयंपाकघरात जाऊन एक भांडं फोडलं.

सून म्हणते दोन.